मागच्या चाकांची हवा

१

लखन दारू पिऊन गाडी चालवत होता आणि म्हणूनच मेला, हे सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या गल्लीत आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्याला पिताना मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण गल्लीला साक्षीपुरावा लागतो थोडाच! पानाच्या गल्ल्यावरचे, म्हणजे टपरीवरचे, चार पुरुष आणि ओट्यावरच्या दोन बायका एवढं कोर्ट पुरतं.

घडलं ते असं. कानबाई या खानदेशी देवीच्या सणासाठी हे कुटुंब सुरतेहून साक्रीकडच्या आपल्या गावी निघालं होतं. कोंडाईबारीच्या घाटात एका उजव्या वळणावर जीप उलटली. लखनच्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा, हर्षदाचा, हात मोडला. मागच्या एका बाकावर गादी अंथरून वडिलांना, हिलाल अप्पांना, पट्ट्यांनी बांधून निजवलं होतं, कारण कारखान्यात लूमवर पडल्यापासून त्यांचा मणका गेला होता. समोरच्या बाकावर आई प्रमिलाबाई, मांडीवर कानबाई म्हणून पुजायचा पिढीजात नारळ घेऊन. त्या दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. नारळालाही तडा गेला नाही. लखन तेवढा गेला.

पंचनाम्यात दोन गोष्टी लिहिल्या होत्या : बेदरकार चालवणं, आणि गाडीत सापडलेली दारूची बाटली.

विम्याच्या कामासाठी छाया ती जीप पाहायला उधन्याच्या यार्डात गेली, तेव्हा फाटकाशी प्रमिलाबाई उभ्या होत्या. छाया अपघातातल्या गाड्या तपासायची. तिचे वडील परभणीहून सुरतेला बांधकामावर आलेले. नवागामच्या दोन खोल्यांत वाढलेल्या या मुलीनं मोटारीचा डिप्लोमा केला, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. स्वभाव तिरसट. माणसांपेक्षा मोडक्या गाड्यांशी तिचं बरं जमे, कारण त्या मध्येच रडायला लागत नाहीत.

"बेन, मना लखन पिये नही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "एक थेंब नही. तो गया, मी काय करू? पन त्यानं नाव तरी नीट ऱ्हाऊ द्या."

"मावशी, मी फक्त गाडी बघते."

"मंग गाडीलेच इचारा," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून बाजूला झाल्या.

छायाला हे बोलणं लागलं. ती सरळ गाडीशी गेली. मागचं डावं चाक रिमवरून निसटून लुळं पडलं होतं. त्यात खिळा नाही, काप नाही. बाकीची चाकं रिमवर शाबूत होती. तिने पुढच्या दोन्ही चाकांना हवेचं मीटर लावलं. हवा चोख. स्टेपनीतही चोख. मग मागच्या उजव्या चाकाला लावलं आणि काटा पाहून तिला वाटलं, मीटर बिघडलं.

तिने पुन्हा लावलं. मीटर ठणठणीत होतं. चाकात निम्मीसुद्धा हवा नव्हती.

२

व्हॉल्व्हवरची छोटी टोपी मात्र घट्ट लावलेली होती. तिच्या आत कसलातरी चमकदार कण चिकटला होता. लखन आपली जीप सुवालीच्या समुद्रकाठी पर्यटकांना फिरवायला नेत असे, तेव्हा वाळूचाच असेल, असं समजून छायाने टोपी पाकिटात टाकली.

ती विचार करायला लागली. पंक्चर असतं तर एका चाकाची हवा गेली असती, दोन्ही मागच्या चाकांची कशी जाईल? निसटलेल्या चाकाच्या कडेवरही कमी हवेत चाललेल्या टायरची घासण स्पष्ट दिसत होती. म्हणजे हवा कुणीतरी हाताने सोडली होती. घातपात म्हणावा तर टोपीचं काय करायचं? माणसाच्या जिवावर उठलेला दुश्मन टोपी परत घट्ट लावत बसत नाही.

तिथून ती महेशच्या टायरच्या दुकानात गेली. लखनच्या जीपला नवे टायर त्यानेच बसवले होते. माणूस अकोल्याकडचा, गोलमटोल, आणि आता भलताच घाबरलेला.

"मॅडम, त्या दिवशी सकाळी मी सोता हवा भरून देल्ली. चारही चाकात बरोब्बर. सडकीनं जायचं म्हणे, तं कडकच पाहिजे ना बाप्पा!"

"मग टायरमध्येच दोष असेल."

"टायरले काहून दोष देता? हे दगडधोंड्याचे टायर हायेत. यायच्या बाजू लय जाड." त्याने दुकानातला तसाच एक टायर पुढे ओढला. "हाताने दाबून पाहा. दबते का? एकच खोट हाय यायची. गाडी आदळते लय. जुना टायर कसा, नरम बाजूचा. दगड आला की पोटात घेते. हा घेत नाही, सारा दणका वर बसणाऱ्याच्या पाठीत जाते."

"आणि हवा कमी केली तर?"

"तं हाही मऊ होते. वाळूत, कच्च्या रस्त्यात लखन हवा काढेच. हळू चालायचं असलं की हवा कमी, सडकीवर आलं की भरून घ्यायची. त्याच्यापाशी छोटा पंप होता. नरम चाकाने घाटात वळण घेतलं तं टायर रिमवरून निसटते, हे त्याले मी नाही सांगितलं तरी ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, तर निघताना त्याला दिसलं कसं नाही?"

महेशने त्याच टायरकडे बोट केलं. "जुन्या टायरची हवा गेली की त्याचं पोट सुटे, दुरून दिसे. हा पैलवान हाय, मॅडम. उपाशी असला तरी अंगावर दिसत नाही."

छाया उठली, तेव्हा महेश हळूच म्हणाला, "कुंदनले विचारा. लखनचा भागीदार. हे टायर घ्यायले त्यानेच लावलं, अन् यायच्यावरूनच दोघायचं कडाक्याचं भांडण झालं. माझ्या दुकानासमोर. कुंदन म्हणे, आता तू पाहाच."

३

कुंदन सुवालीच्या काठी आपल्या जीपच्या सावलीत बसलेला सापडला. राहायला कोसाडला, वयाने लखनएवढाच. छायाने लखनचं नाव घेताच तो ताडकन उठला.

"मैंने क्या किया? हां, बोललो मी. गुस्से में बोललो. त्याला ते टायर परत करायचे होते. म्हणे अप्पांना दणके बसतात. मी म्हटलं, अरे धंदा बघ ना! घरके लिए भाड्याची गाडी कर. तर मलाच शिव्या दिल्या त्याने."

"त्या दिवशी सकाळी तू कुठे होतास?"

"इथेच. कॉलेजची पोरं आली होती, त्यांचे फोटो बघा." त्याने मोबाईल पुढे केला. फोटोंत तो दिवसभर होता, दात काढून हसत. दुपारच्या फोटोनंतर एकही नव्हता. "नंतर हर्षदाभाभीचा फोन आला," तो म्हणाला आणि खाली बसला.

छायाने त्याला रडू दिलं. असल्या वेळी काय बोलावं हे तिला कधीच कळलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "लखन इथे हवा काढायचा, ती कशी?"

"टोपी काढायची, आतली पिन काडीने दाबायची, बस. लहान पोरगंपण करेल." कुंदनने नाक पुसलं आणि ओलसर हसला. "गेल्या महिन्यात मम्मी-अप्पांना घेऊन आलेला इथं. अप्पांना समुद्र दाखवायचा म्हणून. रस्त्याने अप्पा कण्हत होते. इथे आल्यावर त्याने मम्मींसमोरच हवा काढली, आणि मग गाडी अशी चालली, एकदम झुला! मम्मी हसायला लागल्या. पाळणाच शे, म्हणाल्या."

समुद्र फार मागे गेला होता. ओल्या चिखलावरून एक उंट सावकाश चालला होता. छायाचं त्याच्याकडे लक्ष होतं, पण मन ‘पाळणा’ या एका शब्दावर अडकलं होतं.

"परत जाताना त्याने हवा भरली?"

"भरली ना. पण तेव्हा मम्मी-अप्पा गाडीत नव्हते. अप्पांना आम्ही उचलून तिकडे नारळपाणीवाल्याच्या बाकावर निजवलं होतं, मम्मी त्यांच्यापाशी होत्या."

छायाने ते वहीत टिपून घेतलं. का, ते तिला अजून नीट कळलं नव्हतं, आणि कळू नये असं वाटत होतं.

४

गोडादऱ्याच्या घरी हर्षदाने एका हाताने चहा टाकला. दुसरा प्लॅस्टरमध्ये होता. खोलीत एका बाजूला खाटेवर हिलाल अप्पा, दुसऱ्या बाजूला साड्यांची थप्पी. प्रमिलाबाई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचं काम करायच्या. व्यापाऱ्याने दिलेला अर्धा माल तसाच पडून होता. प्रमिलाबाई स्वतः दळण आणायला गेल्या होत्या. कोनाड्यात कानबाईचा नारळ, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. यंदा तिची पूजा झालीच नव्हती.

"आमच्या कानबाईच्या प्रसादाचा रोट असतो ना, जाड पोळीसारखा," नारळाकडे छायाची नजर गेलेली पाहून हर्षदा म्हणाली, "त्याच्यासाठी घरातल्या दरेक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. सगळ्यांच्या मुठी एकत्र दळायच्या. आणि तो रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. लखन म्हणायचा, माझी मूठ मोठी काढा, मी जास्ती खातो."

ती हसली आणि मग तिला हसू आवरता आवरता रडू आलं. छायाने कप खाली ठेवला.

"ती बाटली कशाची होती?" तिने विचारलं.

"तेलाची. अप्पांच्या पाठीचं, लसूण-ओव्याचं. भंगारातून बाटली आणलेली, त्याच्यावरचा कागद तेवढा दारूचा. पोलिसांना सांगितलं मी, पण कोण ऐकतं? सगळं तेल सांडून गेलं होतं."

यार्डातल्या गादीला लसणाचा वास येत होता, हे छायाला आठवलं. एक गाठ तर सुटली. "वाटेत कुठे थांबलात?"

"एकदाच. नवापूरला. अप्पांना उतरवता येईना, म्हणून मम्मी त्यांच्याजवळ थांबल्या. मी आणि लखन समोरच्या टपरीवर गेलो. आम्हाला तिथं वेळच लागला, कारण मम्मीला गरम भजी पाहिजेत म्हणून हा नवा घाणा निघेपर्यंत बसला. मी उठले तर मलाही उठू देईना. म्हणे, बस जरा बाजूला, घरात कधी बसतेस?" हर्षदाने डोळे पुसले. "परत आल्यावर त्याने सवयीप्रमाणे गाडीला चक्कर मारली, चारही चाकांना लाथ मारून पाहिली. निष्काळजी नव्हता हो तो!"

"आणि नंतर?"

"नंतर चांगलं चाललं होतं, अप्पांमुळे गाडी हळूच होती. तो हसत म्हणाला, रस्ता सुधारला वाटतं, अप्पांच्या नशिबाने सरकारला अक्कल आली. मम्मी मागे हसल्या. मी वळून विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, काही नही."

खाटेवरून हिलाल अप्पांचा आवाज आला. ते जागे आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "माले काय इचारू नका, बेन. मी झोपेल व्हतू. मयनामयना डोयाले डोया लागे नही, आनि त्याच येले माले झोप लागी गयती. मना पोऱ्या मरना आनि मी झोपेल व्हतू!" त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

छाया निघाली. उंबऱ्याशी काहीतरी चपलेला चिकटलं, म्हणून तिने वाकून पाहिलं. साडीचा खडा होता, डिंकाने माखलेला, तांदळाच्या कणीएवढा.

५

जिन्यातच उभं राहून तिने पाकीट उघडलं आणि टोपी तळहातावर घेतली. नखाने आतला कण काढून पाहिला. वाळूच्या कणाला असे मापात कापलेले पैलू नसतात, आणि वाळूला डिंक लागत नाही. तोच खडा. रात्रंदिवस हे काम करणाऱ्या बोटांवर असले दोन-चार खडे चिकटलेले राहतातच, हात धुतले तरी.

सकाळी सुरतेत हवा पुरी होती. घाटात निम्मीही नव्हती. गाडी वाटेत एकदाच थांबली. लखन आणि हर्षदा तेव्हा टपरीवर होते. अप्पांना कूस बदलता येत नाही. आणि हवा काढली ती फक्त मागच्या चाकांची, जिथे त्यांचं अंथरूण होतं.

लखननेच आईला दाखवलं होतं, हवा काढली की गाडीचा पाळणा होतो. सडकेवर यायच्या आधी ती परत भरायची असते, ही अर्धी गोष्ट तिच्यासमोर कधी घडलीच नव्हती. नव्या टायरांना पाठीला बसणारा दणका लपवता येत नव्हता, पण रिकामं पोट मात्र त्यांनी लेकापासून नीट लपवलं. छायाने आजवर कितीतरी अपघातांची कारणं शोधली होती, आणि कारण सापडलं की तिला जेवण गोड लागे. आज तिला जिन्यात बसावंसं वाटलं. ती बसलीच.

काय लिहायचं? दारूचा डाग ती पुसू शकत होती. हवा कमी होती एवढंच लिहून सोडलं, तर गल्ली उद्या म्हणेल, ड्रायव्हरने हवा पाहिली नाही, बापाला मारायला निघाला होता. लखनचं नाव धुवायचं तर हात कुणाचा ते सांगावं लागणार. आणि ज्या बाईने गाडीला विचारा म्हणून सांगितलं, त्याच बाईला गाडीचं उत्तर ऐकवायचं कसं?

खालून पावलं वाजली. पिठाचा डबा कमरेवर घेऊन प्रमिलाबाई जिना चढत होत्या.

६

"इचारं का गाडीले?" त्यांनी विचारलं.

"विचारलं, मावशी. लखन प्यायला नव्हता. ती तेलाची बाटली होती. वेगही जास्त नव्हता. मी तसं लिहिणार आहे."

प्रमिलाबाईंनी डबा खाली ठेवला आणि छायाच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग विचारलं, "मंग गाडी का बरं उलटनी?"

छाया खोटं बोलायला तयार होती. पण खोटं बोलायचा सराव नसला की माणूस नेमका नको तिथे अडखळतो. "चाकांत हवा कमी होती," ती म्हणाली.

"कोनता चाकंस्मा?"

छायाने आजूबाजूला पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यानेच झालं.

"मांगला," प्रमिलाबाई स्वतःच म्हणाल्या. त्यांचा हात कठड्यावर गेला. "हवा कमी व्हयनी म्हनीसन गाडी उलटस?"

"मावशी, आत चला."

"उलटस का नही, तेवढं सांग पोरी!"

"घाटात उलटते," छाया म्हणाली.

आत आल्यावर त्या खाटेजवळ खालीच बसल्या. रडल्या नाहीत. हर्षदा आणि अप्पांसमोर, सरळ आवाजात, त्यांनी सगळं सांगितलं. गाडी आदळे तसे अप्पा ओठ चावत होते. नवापूरला थांबले, तेव्हा डोक्यातली पिन काढून त्यांनी दोन्ही मागच्या चाकांची हवा सोडली. लखनला सांगितलं नाही, कारण त्याने रस्त्याचं कौतुक केलं तेव्हा त्यांना गंमत वाटली होती. गावी पोहोचल्यावर सांगणार होत्या.

"मनं नाव लिख, बेन," त्या म्हणाल्या. "नहीतं लोके त्यालेच बोल लावतीन. पानना गल्लावर वाची दाखाड. त्यानी मायनी त्याले मारं असं लिख."

बाहेर एक भंगारवाला ओरडत गेला. मग हर्षदा उठली, सासूजवळ जाऊन बसली आणि छायाकडे बघत म्हणाली, "माझंपण नाव लिहा. मी टपरीवरून भजीचे पैसे घ्यायला परत आले होते. तेव्हा मीपण थोडी हवा काढली. डाव्या चाकातली. मम्मीने काढलेली मला माहीत नव्हतं."

छाया तिच्याकडे बघतच राहिली. तासाभरापूर्वी हीच मुलगी सांगत होती, लखनने तिला टपरीवरून उठूच दिलं नाही. हर्षदाने नजर हलवली नाही.

"आनि तिले काढाले मी सांगं व्हतं," भिंतीकडे तोंड केलेले अप्पा म्हणाले. "मालेच सोसे नही. मनंबी लिखा."

"खोटं बोलतस तुमी दोन्ही!" प्रमिलाबाई ओरडल्या. "झोपेल होतात तुमी! आनि तू, तू तर..." हर्षदाने आपला धड हात त्यांच्या गळ्यात टाकला आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, तेव्हा कुठे प्रमिलाबाईंना रडू फुटलं. तीन आठवडे अडलेलं ते रडू ऐकून शेजारच्या बायका दारात आल्या. छायाने उठून दार लावून घेतलं.

रोट भाऊबंदांबाहेर जात नाही, हे तिला मघाशीच कळलं होतं. ज्याच्या त्याच्या नावाची मूठ काढून झाली होती, आणि ती एकत्रही झाली होती. त्यातली कुठली खरी आणि कुठली खोटी, हे निवडत बसायचा परक्या माणसाला काय अधिकार? तिने तिथेच बसून लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं : चालकाने मद्य घेतलं नव्हतं, निघताना त्याने चारही चाकं तपासून घेतली होती, वाटेत आजारी वडिलांना दणके बसू नयेत म्हणून घरच्या तिघांनी मिळून, त्याच्या नकळत, मागच्या चाकांची हवा कमी केली, टायरच्या जाड बाजूंमुळे ती कमी झालेली त्याला दिसणं शक्य नव्हतं, चालकाचा दोष नाही.

एवढ्या वर्षांत तिच्या कागदावर चढलेलं हे पहिलं खोटं होतं. लिहिताना तिचा हात अडखळला नाही.

"शेवटलं परत वाच," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"चालकाचा दोष नाही."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ त्या पदराच्या टोकाने बोटांवरचा वाळलेला डिंक काढत बसल्या. मग खाटेवर हात ठेवून त्यांनी अप्पांना हळूच विचारलं, "पन तुमले झोप तर चांगली लागी व्हती ना?"

अप्पांनी मोठ्या कष्टाने मान त्यांच्याकडे वळवली.

"लागी व्हती व," ते म्हणाले. "पाळनामा लागस तशी."